ज्या : एका शब्दाचे देशांतर

त्रिकोणमितीचे पुस्तक उघडावे आणि पहिल्याच काही पानांत 'साइन' हा शब्द समोर यावा, हा अनुभव माध्यमिक शाळेत गेलेल्या प्रत्येकास परिचित आहे. मॉरिशसमधील विद्यार्थ्याला तो इंग्रजी पुस्तकात भेटतो. फ्रेंच ग्रंथ हाती घेतला, तर तेथे तो 'सिन्यूस' या रूपाने उभा असतो. काटकोन त्रिकोणात कोनासमोरील बाजू भागिले कर्ण, एवढी व्याख्या पाठ केली आणि कोष्टकातून अथवा यंत्रातून संख्या काढली, की परीक्षेपुरते काम भागते. शब्दाचे कूळ विचारण्याची पाळी सहसा कोणावर येत नाही. परंतु माणसांप्रमाणे शब्दांनाही कूळ असते, प्रवास असतो, आणि कधी कधी नोंद करणाऱ्याच्या हातून झालेले नामांतरही असते. ज्यांचे पूर्वज करारपत्रावर अंगठा उठवून या बेटावर उतरले, त्यांना अशा शब्दाची हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही.

हा शब्द मूळचा संस्कृत 'ज्या'. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा घेतला, तर त्याची बाक धनुष्याच्या कमानीसारखी दिसते. म्हणून त्यास 'चाप' म्हणतात. चापाची दोन टोके जोडणारी सरळ रेषा ही त्या धनुष्याची दोरी. तिला 'ज्या' किंवा 'जीवा' अशी नावे पडली. दोरीच्या मध्यापासून कमानीच्या मध्यापर्यंत जो बाण जातो, तो 'शर'. भूमितीची रूक्ष समजली जाणारी ही परिभाषा रणांगणावरून आली आहे, आणि ज्याने धनुष्य पाहिले आहे त्याला ती शिकवावी लागत नाही.

ग्रीक ज्योतिर्विद संपूर्ण दोरी मोजीत असत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या ग्रंथात अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने संपूर्ण जीवांचे कोष्टक दिले. भारतीय ज्योतिर्विदांनी त्यात एक लहानसा, परंतु फार दूरवर परिणाम करणारा फेरफार केला. त्यांनी दोरी निम्मी केली. अर्धी दोरी, वर्तुळाची त्रिज्या आणि केंद्रापासून दोरीच्या मध्यापर्यंतचे अंतर, या तीन रेषा मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. आणि काटकोन त्रिकोण हाती आला, की ग्रहांच्या गतीपासून डोंगराच्या उंचीपर्यंत पुष्कळ गोष्टी हिशोबात येतात. या अर्ध्या दोरीस 'अर्धज्या' म्हणत. पुढे नित्याच्या वापरात 'अर्ध' गळून पडले आणि नुसती 'ज्या' उरली. त्रिकोणाची दुसरी बाजू ती 'कोटिज्या'. आजच्या पाठ्यपुस्तकातील कोसाइन. ज्येचा वर्ग आणि कोटिज्येचा वर्ग मिळून त्रिज्येचा वर्ग होतो, हा नियम काटकोन त्रिकोणाच्या जुन्या सिद्धांतातून आपोआप मिळतो.

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपल्या ग्रंथात ज्यांचे कोष्टक दिले. आज उपलब्ध असलेल्या अर्धज्यांच्या कोष्टकांपैकी हे अगदी आरंभीच्यांतील एक होय. त्याने वर्तुळाच्या परिघाचे २१,६०० भाग केले. प्रत्येक भागास 'कला' म्हणतात. अशा वर्तुळाची त्रिज्या ३,४३८ कला येते. मग वर्तुळाच्या एका चतुर्थांशाचे चोवीस समान तुकडे पाडून, दर तुकड्यागणिक ज्या किती वाढते, ते त्याने सांगितले. त्या चोवीस संख्या अक्षरांनी दर्शवून त्याने एकाच श्लोकात बसविल्या आहेत. ग्रंथ जवळ नसला, तरी कोष्टक कंठात राहावे, ही त्यामागील योजना. ज्यांच्या पूर्वजांनी गलबतावर चढताना गाठोड्यात पोथी नसली, तरी ओठांवर अभंग आणले, त्यांना या योजनेचे मोल सांगावयास नको.

त्या चोवीस संख्या अशा सुरू होतात : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, आणि शेवटी येतात ५१, ३७, २२, ७. वरवर पाहता ही केवळ उतरती भाजणी दिसते. परंतु तिच्याकडे थोडे थांबून पाहिले, तर ज्येचे बहुतेक मूलभूत गुणधर्म तिच्यातच आढळतात.

पहिली संख्या २२५. आणि चापाचा प्रत्येक तुकडाही २२५ कलांचाच. म्हणजे चाप पुरेसे लहान असले, की कमान आणि दोरी यांच्यातील भेद जवळजवळ नाहीसा होतो. पहिल्या आठ संख्यांची बेरीज केली, तर १,७१९ येते. ती ३,४३८ च्या बरोबर निम्मी आहे. आठ तुकडे म्हणजे तीस अंश. तीस अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी, हे जे विद्यार्थी पाठ करतात, ते येथे बेरजेतून उतरते. चोवीसही संख्यांची बेरीज नेमकी ३,४३८ होते. कारण नव्वद अंशांवर अर्धी दोरी त्रिज्येएवढी होते आणि त्यापुढे तिला वाढता येत नाही. त्रिज्या एक मानली, तर ज्या एकाच्या वर कधी जात नाही. वर्तुळाच्या खालच्या अर्ध्या भागात ती ऋण होते आणि उणे एकाच्या खाली उतरत नाही.

ऊस गाळणाऱ्या जुन्या कारखान्यातील एखादे मोठे चाक डोळ्यांपुढे आणावे आणि त्याच्या धावेवर चुन्याचा एक ठिपका लावला आहे असे समजावे. ठिपका मध्याच्या पातळीत असताना चाक फिरू लागले, तर पहिल्या तीस अंशांतच ठिपका त्रिज्येच्या निम्म्या उंचीपर्यंत चढतो. पुढील तीस अंशांत आणखी सुमारे ३७ टक्के चढण होते. आणि माथ्याजवळच्या शेवटच्या तीस अंशांत केवळ सुमारे १३ टक्के. शिखराजवळ चढण मंदावते. माथा ओलांडल्यावर ठिपका त्याच उंच्या उलट क्रमाने पुन्हा गाठीत खाली येतो; म्हणून तीस अंशांची आणि दीडशे अंशांची ज्या एकच. पुढे तो मध्याच्या खाली उतरतो. वर जेवढा गेला होता, तेवढाच खाली. तीनशे साठ अंशांचा फेरा पुरा झाला, की सर्व क्रम पुन्हा पहिल्यापासून. चढणे, मंदावणे, उतरणे आणि परतणे, हा ज्येचा स्वभाव होय.

हा स्वभाव सृष्टीत ठायी ठायी दिसतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर आहे. येथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सर्वांत मोठा, म्हणजे सव्वातेरा तासांहून थोडा अधिक असतो. जूनच्या अखेरीस तो अकरा तासांहून थोडा कमी भरतो. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत दिवसाचे मान रोज सुमारे सव्वा मिनिटाने पालटते, आणि डिसेंबर-जूनमध्ये ते कित्येक दिवस जवळजवळ स्थिर भासते. आर्यभटाच्या कोष्टकातील आरंभीचा २२५ आणि शेवटचा ७ यांच्यातील अंतर येथे शेतकऱ्याच्या उंबरठ्यावर उतरलेले असते. घरातील दिव्यात वाहणारी वीजही सेकंदाला पन्नास वेळा हाच फेरा करते. बटण दाबणाऱ्या हाताला त्याची जाणीव नसते, एवढेच.

आता शब्दाच्या प्रवासाकडे वळावयास हरकत नाही. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय ज्योतिषाचे ज्ञान बगदादच्या खलिफाच्या दरबारी पोहोचले आणि त्याचे अरबीत भाषांतर झाले. 'जीवा' या शब्दाला अरबीत प्रतिशब्द न शोधता त्याचा उच्चारच ठेवण्यात आला : 'जीबा'. परंतु अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत, आणि दीर्घ स्वरांची चिन्हेही अशा परक्या शब्दात नेहमी राखली जात नसत. राहिली ती 'ज' आणि 'ब' ही व्यंजने. 'जीबा' या शब्दाला अरबीत दुसरा काही अर्थ नव्हता. म्हणून पुढील वाचकांनी ती अक्षरे आपल्या ओळखीच्या शब्दाप्रमाणे वाचली : 'जैब', म्हणजे वस्त्राची चुणी, छातीजवळचा कपड्याचा खोलगट भाग. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो नगरीत अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली, तेव्हा भाषांतरकाराने 'जैब' याचा सरळ अर्थ पाहून 'सिनुस' हा लॅटिन शब्द योजला. त्याचाही अर्थ चुणी, कुशी, खाडी असाच. क्रेमोनाचा जेरार्ड याचे नाव या योजनेशी सामान्यतः जोडले जाते. 'सिनुस'चे इंग्रजीत 'साइन' झाले. धनुष्याची दोरी बगदादला कपड्याची चुणी झाली, टोलेडोला खाडी झाली आणि लंडनला पोहोचेपर्यंत अर्थशून्य झाली.

गमतीची गोष्ट अशी, की तोच अरबी 'जैब' फारसीतून हिंदुस्थानात परत आला आणि 'जेब' झाला. भोजपुरी शेजाऱ्याच्या सदऱ्याला जी जेब असते, तिचे आणि शाळकरी मुलाच्या साइनचे असे नाते आहे. अरबी भाषेत आजही साइनला 'जैब'च म्हणतात. आणि मराठी भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाच्या संपूर्ण दोरीला 'जीवा' हे जुने नाव अद्याप टिकून आहे.

या बेटावरील एका गावात, मोकाच्या डोंगरांच्या बाजूस, एक निवृत्त शिक्षक दर शनिवारी मंडळाच्या दालनात मुलांना मराठी शिकवीत असत. एकेकाळी अशा वर्गाला 'बैठका' म्हणत. आता पंखे आणि बाके आली आहेत, परंतु वृद्ध मंडळी अजून बैठकाच म्हणतात. त्यांच्या वर्गात पंधरा वर्षांची एक मुलगी होती. अभ्यासात हुशार, गणितात विशेष. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, पुढच्या वर्षी मी मराठी सोडणार. गणिताला वेळ पुरत नाही. आई म्हणते, आरत्या पाठ आहेत, तेवढे पुरे."

गुरुजी रागावले नाहीत. हे वाक्य त्यांनी अनेक मुलांच्या तोंडून ऐकले होते, आणि त्यातील तथ्य त्यांना नाकारता येत नव्हते. ज्या भाषेत केवळ आरती म्हणावयाची, ती भाषा आरती पाठ झाली की संपलीच. पुढील शनिवारी ते गणपतीच्या मखरातून उरलेली बांबूची एक कांब आणि सुताचा तुकडा घेऊन आले. कांब वाकवून त्यांनी तिला दोरी बांधली.

"हे काय?" त्यांनी विचारले.

"धनुष्य," मुले एका आवाजात म्हणाली.

"आणि ही?"

"दोरी."

"हिला जुन्या लोकांनी ज्या म्हटले," असे म्हणून त्यांनी फळ्यावर दहा सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, केंद्रापाशी साठ अंशांचा कोन केला आणि त्या मुलीला पुढे बोलावले. "बाळ, या कमानीची दोरी मोज." दोरी बरोबर दहा सेंटीमीटर भरली. "आता ती अर्धी कर, आणि कोनही अर्धा कर." मुलीने पट्टी लावली. तीस अंशांचा कोन, पाच सेंटीमीटरची अर्धी दोरी, दहाची त्रिज्या. तिने क्षणभर फळ्याकडे पाहिले आणि ती एकदम म्हणाली, "गुरुजी, हे तर साइन!"

मग गुरुजींनी तिला ज्येची हकीकत सांगितली : बगदादची, टोलेडोची, लंडनची. ती ऐकून ती हसली. "म्हणजे लिहिणाऱ्याने वेगळेच लिहिले आणि तेच नाव पडले. आमच्या आडनावासारखे!"

वर्गातील हसू थोडे ओसरले. कारण ती म्हणाली त्यात थट्टा थोडी आणि इतिहास अधिक होता. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून या बेटावर आले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांतील बहुतेकांनी पाऊल ठेवले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य झाला. त्यांपैकी मराठी मजूर मुंबई बंदरातून निघाले. कोणी रत्नागिरीकडचे, कोणी साताऱ्याकडचे. धक्क्यावरील कार्यालयात प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि कानावर पडेल तसे नाव परक्या लिपीत उतरले. त्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. कित्येक घराण्यांत पूर्वजाचे स्वतःचे नावच पुढील पिढ्यांचे आडनाव होऊन बसले, आणि मूळचे आडनाव, गाव, वाडी मागे राहिली. सखाराम, भिवाजी ही नावे हाक मारण्यासाठी होती. ती वंशाची खूण झाली. ज्येचे स्वर अरबी लेखनात गळाले; या माणसांचे स्वर रोमन लेखनात बदलले. दोन्हीकडे लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. त्याला जे ऐकू आले आणि जे ओळखीचे वाटले, ते त्याने लिहिले.

तथापि नाव बदलले म्हणून ज्येचा एकही गुणधर्म बदलला नाही. तीस अंशांची ज्या बगदादेत निम्मीच राहिली आणि टोलेडोतही. हे समाधान मोठे आहे. परंतु त्यातून पोकळ अभिमानाकडे घसरणेही सोपे असते. साइन मूळचा भारतीय, म्हणून त्रिकोणमिती सारी भारतीय, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दोरीचे कोष्टक भारतीयांच्या आधी ग्रीकांनी केले. भारतीयांनी ती अर्धी केली. अरबी ग्रंथकारांनी तिच्या जोडीला इतर गुणोत्तरे बसवून त्रिकोणमितीला ज्योतिषापासून स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. युरोपीयांनी तिला समुद्रप्रवासाच्या आणि यंत्रविद्येच्या कामी जुंपले. 'कोसाइन'मधील 'को' पाहून 'कोटिज्या'ची आठवण होते, परंतु ते साम्य योगायोगाचे आहे. तो 'को' लॅटिनमधील 'पूरक' या अर्थाच्या शब्दाचा अवशेष आहे. खरा अभिमान अशा ठिकाणी थांबावयास शिकतो. ज्या हा अनेक हातांतून गेलेला ठेवा आहे, आणि त्यातील एक हात आपल्या पूर्वजांच्या देशाचा होता, एवढे सत्य पुरेसे आहे.

त्या हातांमध्ये सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेला एक हात होता, ही गोष्ट मात्र मराठी माणसाने विसरू नये. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या कशी काढावी, याचे नियम त्यांनी त्यात दिले. अठरा आणि छत्तीस अंशांच्या ज्यांची अचूक मूल्ये सांगितली. आणि ज्येची वाढ कोटिज्येच्या प्रमाणात होते, हेही त्यांनी ओळखले. माथ्याजवळ कोटिज्या शून्याकडे जाते, म्हणूनच तेथे ज्येची वाढ थांबते. चाकावरील ठिपका शिखराजवळ का मंदावतो, याचे हे उत्तर होय.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून आज जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ असलेल्या पाटण येथे त्याने मठ स्थापन केला. त्या मठाला १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख प्रसिद्ध आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. परंतु मठाच्या चरितार्थासाठी गावाने काय द्यावयाचे, हे सांगण्याची वेळ आली, तेव्हा लेख मराठीत बोलू लागतो. त्यात व्यवहार करणाऱ्यांवरील हिस्से आहेत. आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्यांकडून पळी पळी तेल मठाला द्यावयाचे, असेही आहे. त्या घाणेवाल्यांपैकी किती जणांना अर्धज्या ठाऊक असेल? बहुधा कोणालाच नाही. तरीही त्यांच्या पळीभर तेलाचा त्या विद्येत वाटा आहे, आणि त्या वाट्याची नोंद त्यांच्या भाषेत दगडावर कोरलेली आहे. कष्टकऱ्यांच्या वंशजांनी आपल्या कुळाचा शोध घेताना राजे आणि पंडित यांच्याकडेच पाहावे, असे नाही. घाणा चालविणारा हातही कुळातलाच आहे.

मातृभाषा शास्त्राला अपुरी पडते, असे मानणाऱ्यांनी केरळकडेही पाहावे. ज्येचे मूल्य अनंत पदांच्या श्रेणीने काढण्याची रीत माधव या गणितज्ञाच्या नावावर नोंदलेली आहे. त्याचा काळ चौदाव्या आणि पंधराव्या शतकांचा. युरोपात ती रीत सतराव्या शतकात आली. माधवाच्या परंपरेतील सिद्धांतांच्या उपपत्ती सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' या ग्रंथात मांडल्या, आणि त्यासाठी त्याने लोकांची मलयाळम भाषा निवडली. अनंत श्रेणीचा विचार ज्या काळी जगात फार थोड्यांच्या मनात आला असेल, त्या काळी तो गावातील बोलीत लिहिला गेला. भाषा अपुरी नसते. तिच्याकडून किती काम घ्यावयाचे, ते बोलणारे ठरवितात.

आर्यभटाच्या त्या चोवीस संख्यांत आणखी एक रहस्य आहे, आणि ते शेवटी सांगण्याजोगे आहे. प्रत्येक दोन लगतच्या संख्यांमधील फरक काढीत गेले, तर आरंभी १, २, ३, ४ असे लहान आकडे येतात आणि शेवटी १४, १५ असे मोठे. म्हणजे ज्या लहान असते तेव्हा तिच्या वाढीला आवर थोडा असतो. ज्या जसजशी मोठी होते, तसतसा आवर वाढतो. हा आवर ज्येच्याच प्रमाणात असतो, हा नियम आर्यभटाला ठाऊक होता. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर मध्यापासून जितके दूर जावे, तितकी मध्याकडची ओढ अधिक. वडाच्या पारंबीला बांधलेला झोका लहान हेलकावे घेत असतो, तेव्हा तो याच नियमाने जातो आणि याच नियमाने परततो.

परदेशी वसलेल्या समाजाला हा नियम ऐकून आपली आठवण झाली, तर नवल नाही. दूर गेल्यावर ओढ वाढते, हे पहिल्या पिढीने भोगले आहे. परंतु माणसांचा नियम झोक्यासारखा आपोआप चालत नाही, हेही तितकेच खरे. पहिल्या पिढीची ओढ दुसरीत आठवण होते, तिसरीत चालीरीत होते आणि चौथीत ती केवळ आरतीच्या सुरात उरते. झोक्याला परत आणणारे वजन निसर्गाने दिलेले असते; समाजाला ते वजन पिढीगणिक नव्याने घालावे लागते. गणेशोत्सव, झाकरी, भजन यांनी ते पुष्कळ अंशी घातले आहे, आणि त्याबद्दल मंडळांचे ऋण मोठे आहे. पण भाषा केवळ उत्सवाच्या दिवशी बाहेर काढावयाचे वस्त्र झाली, तर तिची घडी मोडत नाही आणि तिचा उपयोगही राहत नाही. जी भाषा आईच्या रागात, बाजारच्या हिशोबात आणि मुलीच्या गणिताच्या वहीत वावरते, तिलाच ओढ असते.

त्या मुलीने मराठी सोडली की ठेवली, याचा निकाल एका शनिवारी लागण्याजोगा नव्हता. परीक्षा जवळ होत्या आणि वेळ खरोखरच थोडा होता. मात्र तिच्या त्रिकोणमितीच्या वहीत, जेथे इंग्रजीत 'साइन' लिहिले होते, तेथे समासात तिने देवनागरीत 'ज्या' असे लिहून ठेवले आणि खाली एक लहान धनुष्य काढले. पुढील आठवड्यात तिच्या बाजूस बसणाऱ्या मुलाने विचारले, "गुरुजी, कोनाला मराठीत काय म्हणतात?" गुरुजींनी सांगितले, "कोनच." तेव्हा साऱ्या वर्गाला मोठे आश्चर्य वाटले.

पाटणच्या घाण्यांवरून पळी पळी तेल निघत होते. एका घराला ते जड झाले नसेल, आणि मठाला ते उणे पडले नसेल. या बेटावरील प्रत्येक मराठी घराने आठवड्यातून एखादी घटका, मुलांशी एखादी विचारपूस, एखाद्या शास्त्रीय शब्दाची आपल्या भाषेतील ओळख, एवढे जरी दिले, तरी आठशे वर्षांपूर्वीच्या त्या दानाची परंपरा सागरापलीकडे चालू राहील. ते तेल आटू नये, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.